दुखायला सवड

शनिवार, १२ जानेवारी २०१९. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. हॅमिल्टनच्या बार्टन रस्त्यावरील श्टेफच्या मांसाच्या दुकानात रांगेत सहा माणसे होती आणि दामिर मिकुलिच सातवा होता. सरोवरावरून येणारा वारा दाराच्या फटीतून आत शिरून पायांशी घोटाळत होता. धुरावलेल्या बरगड्यांचा वास जुन्या लाकडी छताला इतका मुरलेला होता की दुकान रिकामे असतानाही तो येत असे. दामिरने शरीराचा भार उजव्या पायावर टाकला होता आणि डावी टाच जमिनीला नुसती टेकवली होती. उभे राहण्याची ही रीत त्याने गेल्या सहा आठवड्यांत, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने, थोडी थोडी करून बसवली होती. त्याच्या पुढे उभ्या असलेल्या यागोदा काकूंच्या मात्र ती डोळ्यांवर आली. या काकूंनी त्याला पाळण्यात पाहिले होते, नंतर गल्लीतल्या बर्फावर पडताना पाहिले होते, आणि आता गेली दहा वर्षे दूरदर्शनवर बर्फावरची हॉकी खेळताना पाहत होत्या. त्यांनी मागे वळून त्याला टाचेपासून टोपीपर्यंत न्याहाळले, पुन्हा पुढे वळल्या आणि सबंध दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “श्टेफ, पोराला स्टूल दे रे बसायला. पाकिटाच्या वजनानं खुबा गेलाय म्हणतात त्याचा.”

“वजन झेपत नसेल तर थोडं इथं ठेवून जा म्हणावं,” श्टेफ सुरीवरून नजर न काढता म्हणाला. “आपली ना नाही.”

सगळे हसले. दामिरही हसला, हसणे हा त्याच्या धंद्याचा भाग होता. त्याने वडिलांसाठी बरगड्या आणि दोन हात लांब सॉसेज बांधून घेतले, काकूंची पिशवी त्यांच्या गाडीपर्यंत पोहोचवली, त्यांनी त्याच्या गालावर हातमोज्यातल्या हाताने चापट मारली, आणि आपल्या गाडीत बसताना खुब्याच्या खोल खोबणीतून तीच बारीक, ओली कळ पुन्हा मांडीपर्यंत उतरली. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की मनाला काकूंचा टोमणा लागलेला नाही. लागला होता तो शेवटचा शब्द. म्हणतात. म्हणजे हे कोठे तरी ठरून गेले होते. शहराने त्याच्या वतीने बेरीज-वजाबाकी उरकली होती, आणि ती इतकी सोपी होती की मांस तोलता तोलताही कोणाला करता यावी. पाच वर्षे त्याला संघाकडून एकेका वर्षाचा करार मिळत गेला. त्या पाच वर्षांत दुखापतीमुळे त्याचे फक्त चार सामने हुकले. गेल्या जुलैत सहा वर्षांचा करार झाला. या मोसमाचे चव्वेचाळीस सामने झाले आणि त्यांतले चौदा त्याने काठावर बसून काढले. आज संध्याकाळी सात वाजता पंचेचाळिसावा, मॉन्ट्रियलशी.

वडिलांचे घर डोंगराच्या पायथ्याशी, पोलाद गिरणीच्या बाजूला होते. आंते मिकुलिच एकाहत्तर वर्षांचे होते आणि सकाळी नऊपूर्वी दुसरी कॉफी घेतलेली असणे हे ते सभ्यपणाचे लक्षण मानीत. त्यांनी पुडक्याची सुतळी डाव्या हाताच्या तीन बोटांनी सोडली. मधले बोट आणि अनामिका ताठ, एकमेकांना चिकटून, पहारेकऱ्यांसारखी बाजूला उभी राहिली. ती गेली कित्येक वर्षे कोणत्याच कामात भाग घेत नसत.

“आज खेळणार?” त्यांनी विचारले.

“बघू.”

“बघू काय? पाय आहे की नाही?”

“खुब्याच्या आतली कड फाटलीये, बाबा. बधिर करायची सुई घेऊन खेळ म्हणतात.”

“मग घे की सुई.” आंते यांनी बरगडी नाकाशी धरून वास घेतला आणि ती पसंत पडल्यासारखी खाली ठेवली. “आम्हाला तर सुईपण नव्हती. खरं सांगू? सहा वर्षांची भाकरी आधीच बांधून मिळाली, की माणसाला दुखायला सवड मिळते.”

काकूंच्या टोमण्यावर हसता आले होते. या वाक्यावर हसता येईना. दामिर भिंतीला टेकून उभा राहिला, कारण त्या घरातल्या खुर्च्या बुटक्या होत्या आणि बुटक्या खुर्चीतून उठताना आता त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागत असे. समोर ओट्यावर सकाळचे फिकट ऊन पडले होते, आणि त्याच ओट्याशी, त्याच उंचीच्या टेबलापाशी, १९९१ सालच्या शरदात त्याचे वडील उशीवर हात उंच ठेवून बसले होते आणि आई त्यांच्या ताटातले मांस लहान तुकडे करून देत होती. तो पाच वर्षांचा होता. मोठ्या माणसाला कोणी मांस कापून देते हे त्याने प्रथमच पाहिले होते. गिरणीच्या फाटकावर एक फळा असे आणि त्यावर खिळ्यांना अडकवलेले लोखंडी आकडे, अपघाताविना गेलेल्या दिवसांचे. रोज सकाळी पहारेकरी त्यात एक वाढवी; अपघाताची नोंद झाली की आकडा पुन्हा शून्यावर. पाचशे झाले की पाळीतल्या प्रत्येकाला हिरवे जॅकेट मिळायचे होते. चारशे अकराव्या दिवशी पोलादाच्या गुंडाळीची पट्टी निसटून आंते यांच्या दोन बोटांवर बसली. मुकादमाने त्यांना गिरणीच्या दवाखान्यात नेले नाही. स्वतःच्या गाडीत घालून डोंगरावरच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेले. घरच्या शिडीवरून पडले असे सांगण्यात आले, दोन आठवड्यांची वार्षिक रजा टाकण्यात आली, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर चारशे बारा लागले. कोणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नव्हती. चाळीस माणसांची जॅकेटे त्या दोन बोटांवर लटकत होती, एवढेच. पुढे जॅकेट आले. आंते ते घालून दर रविवारी चर्चला जात, डावा हात खिशात ठेवून, आणि लहानग्या दामिरला वाटे की त्या जॅकेटची हीच पद्धत असावी.

“येतो,” तो म्हणाला.

“सुई घे,” आंते म्हणाले. “आणि मॉन्ट्रियलचा तो लंबूटांग आघाडीवाला, तो उंट, त्याला दोन ठेवून दे माझ्याकडून.”

गाडी बंदराच्या रस्त्याला लागली तरी ते वाक्य त्याच्या शेजारी बसून होते. दुखायला सवड मिळते. त्याने मनातल्या मनात त्याला उत्तरे दिली, रागावून, मुद्देसूद, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी ते वाक्य जसेच्या तसे उभे राहिले, कारण ते खरे होते. जुलैत सही केली त्या रात्री तो अकरा तास झोपला होता. जाग आली ती डाव्या घोट्याच्या दुखण्याने. आणि तो घोटा तीन वर्षांपूर्वी मोडला होता. आधी त्याला वाटले, पाय अवघडला असेल. मग दिवसामागून दिवस, मार्चअखेर गोठलेले सरोवर फुटू लागते आणि काठावरच्या घरांत त्याचे कडाके ऐकू येतात तसे, एकेक दुखणे आवाज देत वर येऊ लागले. मनगट. बरगडी, दोन ठिकाणी. जबड्याचा सांधा, जो सफरचंद खाताना आपण होऊन सरकत असे. त्यांची जणू कोठे तरी रांग लागलेली होती आणि इतकी वर्षे खिडकीच उघडली नव्हती. जून महिन्यात करार संपणाऱ्या माणसाचे शरीर गप्प असते. ते शूर असते असे पाहणारे म्हणतात. आत राहणाऱ्याला मात्र ठाऊक असते की ते दार लावून बसलेले आहे आणि दाराला आतून खुर्ची लावलेली आहे.

बर्फाच्या रिंगणाच्या तळघरात फर्गस डनची उपचारखोली होती. फर्गस त्रेसष्ट वर्षांचा होता आणि तीस वर्षे खेळाडूंना बर्फावर उभे करण्याचे काम करीत होता. त्याचे विचारणे ठरलेले असे. सामन्याच्या सकाळी, सर्वांदेखत, दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला तो म्हणे, “ठीक?” आणि उत्तर एका शब्दाचे असे. दुसरा शब्द कोणी उच्चारला तर फर्गसला दार लावून घ्यावे लागे, कागद काढावा लागे, वर कळवावे लागे. मार्च २०१५ मध्ये पहिल्या सत्रात खेळातली रबरी चकती दामिरच्या घोट्यावर बसली. चकती अंगावर झेलणे हेच बचावपटूचे काम, त्यामुळे त्यात नवल काही नव्हते. पण आत काही तरी कोरडे, काटकीसारखे वाजले होते. विश्रांतीच्या वेळी बाकीच्यांनी पात्यांचे बूट सैल केले. त्याने केला नाही. बूट काढला की घोटा सुजतो आणि मग तो परत आत जात नाही, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. न काढलेला बूट हेच प्लॅस्टर. फर्गसने ते पाहिले. बर्फाची पिशवी आणून त्याने ती बुटाच्या बाहेरून चिकटपट्टीने गुंडाळली, चामड्यावरून, जणू बुटालाच ताप आला होता, आणि उठताना पुटपुटला, “मला जे माहीत नसतं ते मला लिहावं लागत नाही.” मोसमाचे उरलेले सगळे सामने दामिर त्या घोट्यावर खेळला. जूनमध्ये पुढच्या वर्षाचा करार झाला. त्या उपकाराबद्दल तो फर्गसचा ऋणी होता, आणि हल्ली कधी कधी तो उपकार आठवू नये असेही त्याला वाटे.

“ठीक?” फर्गसने विचारले.

“नाही,” दामिर म्हणाला.

फर्गसने दार लावून घेतले. ऑक्टोबरात दामिरने पहिल्यांदा ‘नाही’ म्हटले होते तेव्हा म्हाताऱ्याच्या हातातली कात्री खाली पडली होती. आता त्याला सवय झाली होती, पण आवड लागली नव्हती.

“मिक, सुई तयार आहे. पॉला दोनदा विचारून गेली.”

“तुझा पोरगा असता तर दिली असतीस?”

“माझा पोरगा दंतवैद्य आहे. मुद्दाम केला तसा.” फर्गसने स्टूल ओढून बसता बसता गुडघा चोळला. “हे बघ, मी काय सांगणार? वर जा. तिला तिच्याच तोंडानं म्हणू दे.”

पॉला वेंडलिंग संघाची कारभारीण होती. तिच्या खोलीच्या खिडकीतून बंदर दिसे आणि बंदरापलीकडे गिरणीची धुराडी. ती वाईट बाई नव्हती. हरलेल्या सामन्यानंतर ती खेळाडूंच्या आयांना स्वतः फोन करीत असे. तिने त्याला खुर्ची दाखवली. तो उभाच राहिला.

“डॉक्टर म्हणाले सुई घेऊन खेळता येईल.”

“आणखी फाटेल, असंही म्हणाले.”

“फाटू शकेल, म्हणाले.”

“खुबा त्यांचा नाही.”

“दामिर, माझा तुझ्यावर राग नाही.” तिने समोरचा पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर ठिपके होते आणि ठिपक्यांमधून वर चढत गेलेली एक रेघ. “हे तुझ्या एकट्याचं नाहीये. आम्ही वीस वर्षांचे करार तपासून घेतले. करार जितका लांब, तितके सही झाल्यानंतरचे सामने जास्त हुकतात. वय सारखं धरलं तरी, जागा सारखी धरली तरी. कोणी लबाड नसतं. पण गरज सरली की माणूस वैद्याकडे जायला लागतो. मला सहा वर्षांचे पैसे मोजायचेत, तेव्हा मला हे बघावंच लागतं.”

तो रेघेकडे पाहत राहिला. देखणी रेघ होती. डाव्या टोकाला, जेथे एकेका वर्षाचे करार होते, तेथे ती जमिनीलगत, जवळजवळ निष्पाप होती. तरुणपणी दामिरने डोंगरावरच्या तांत्रिक महाविद्यालयात एक हिवाळा काढला होता, हॉकीने हात दिला नाही तर असावे म्हणून. तेथे पहिल्या तासाला शिकवले होते की वजनकाट्यावर काही ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का ते पाहावे.

“मागच्या पाच वर्षांत माझे किती धरलेत यात?” त्याने विचारले.

“चार.”

“ते चार खोटे आहेत.”

“म्हणजे?”

“घोटा मोडून खेळलो. दोन बरगड्या मोडून खेळलो. या खुब्याची पहिली कळ तीन वर्षांपूर्वीची आहे. तुमच्याकडे एकही नाही, कारण मी एकही सांगितली नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्यानंही त्याची सांगितली नाही. ही तुमची डावी बाजू आहे ना, खालची, तिथं सगळे असेच बसलेत, बूट न काढता. तुम्हाला वाटतं तुम्ही आमची दुखणी मोजलीत. तुम्ही आमची भीती मोजलीत. ती संपली की रेघ वर जाते. जाणारच.”

पॉलाने पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला, अलगद.

“असेलही. पण आज सात वाजता मला बचावाला माणूस कमी आहे. करार मोडता येत नाही हे तुलाही माहीत आहे, मलाही. पण तुझ्या संमतीशिवाय दुसऱ्या संघाकडे बदली करायची नाही, असं कलम त्यात नाहीये.”

“मी मागितलं होतं. तुम्ही दिलं नाही.”

“नाही दिलं. तेव्हा उन्हाळ्यात तू कुठल्या गावी असशील ते या खोलीत ठरेल.” आणि आवाज न बदलता, खरोखर चौकशी केल्यासारखे, तिने विचारले, “वडील इथंच असतात ना तुझे? एकटेच?”

वास्तविक सहा वर्षांचा करार त्याने त्यासाठीच केला होता. दुसऱ्या एका गावाने जास्त पैसे देऊ केले होते. पण आई गेल्यापासून आंते दुपारी गॅस चालू ठेवून झोपू लागले होते. दामिरने खिडकीतून गिरणीकडे पाहिले. एका धुराड्याच्या तोंडाशी ज्योत हलत होती, दिवसाउजेडी फिकट. त्याला आपल्या खिशातल्या डाव्या हाताची जाणीव झाली. तो हात खिशात कधी गेला हे त्याला कळले नव्हते. त्याने तो बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला, पाचही बोटे पसरून.

“आज मी खेळत नाही,” तो म्हणाला. “शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला फर्गसला सांगतो.”

“ठीक आहे.” पॉलाने लेखणी उचलली. “बाहेर नेहमीचं जाईल. कमरेखालची दुखापत.”

सगळे संघ असेच सांगत. कोठे लागले आहे ते प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून घोट्यापासून खुब्यापर्यंत सर्व काही एकाच झाकणाखाली. शहाणी पद्धत होती. त्या झाकणाखाली गेली वीस वर्षे काय काय ठेवले गेले होते, ते मात्र कोणी उघडून पाहिले नव्हते.

“बाहेर मी सांगतो,” दामिर म्हणाला.

खाली, कपडे बदलण्याच्या खोलीत यार्मो एकटाच बसून पायाचे जाड पॅड बांधत होता. तो फिनलंडचा गोलरक्षक होता आणि सामन्याच्या दिवशी माणसांपेक्षा स्वतःच्या काठीशी जास्त बोलत असे. त्या खोलीत एक जुनी रीत होती: सलग दहा सामने खेळले की खेळाडूच्या जागेवरच्या फळीला पांढऱ्या चिकटपट्टीचा एक वेढा. दामिरची फळी इतकी वेढलेली होती की लाकूड दिसत नव्हते. मोडलेल्या हातासारखी ती दिसत होती. नवी पोरे भरती झाली की त्यांना ती दाखवली जाई. त्याने बाकावर उजवा पाय टेकून पहिला वेढा नखाने उचकटला. पट्टी लांबलचक, चर्र आवाज करीत निघाली.

“काढतात का कधी ती?” यार्मोने विचारले.

“खोटी निघाली तर काढायची.”

“कुठली खोटी?”

“आठवत नाही आता. म्हणून सगळीच.”

यार्मोने पॅडचा शेवटचा पट्टा ओढला. पट्ट्यांचा गोळा दामिरच्या मुठीत मावेनासा झाला होता.

“सगळ्यात आतली राहू दे,” यार्मो म्हणाला. “बावीस वर्षांचा होतास तेव्हा. तेव्हा तरी काही दुखत नसेल.”

दामिरने आठवून पाहिले. खरेच, तेव्हा काही दुखत नव्हते. पिवळी पडलेली ती एक पट्टी त्याने तशीच ठेवली.

“फर्गस म्हणाला, बाहेर खुब्याचं सांगणार तू,” यार्मो म्हणाला. “परत खेळायला आलास की समोरचे सगळे त्याच्यावरच येतील.”

“येऊ देत. शोधायचे कष्ट तरी वाचतील त्यांचे.”

बोळात चार पत्रकार होते. दामिर त्यांच्यासमोर उभा राहिला तो उजव्या पायावर भार टाकून, आणि या खेपेस ते झाकायचा प्रयत्न न करता. डाव्या खुब्याच्या सांध्याची आतली कड फाटली आहे, तो म्हणाला. तीन वर्षांपासून आहे. त्याआधी घोटा होता, बरगड्या होत्या. त्या तुम्हाला कधी सांगितल्या नाहीत, आता सांगतो. त्याने वर्षे सांगितली. लिहिणाऱ्यांचे हात मध्येच थांबले.

त्यांतल्या वयस्काने, जो पाच वर्षे त्याला लोखंडी माणूस म्हणत आला होता, जपून विचारले, “सहा वर्षांचा करार झाला नसता तर आज खेळला असतास?”

“हो.”

“म्हणजे लोक म्हणतात ते खरं?”

“अगदी खरं. करार नसता तर आज मी खोटं बोलून खेळलो असतो. जूनपर्यंत बोललो असतो. आणि तुम्ही कौतुक केलं असतं. पोटाची काळजी मिटली म्हणून मला दुखायला सवड मिळाली. ती मी घेणार आहे. तसंच लिहा, शब्द बदलू नका.”

संध्याकाळी तो वडिलांकडे गेला. आंते यांनी रेडिओवर सगळे ऐकले होते; ते दाराशी येऊन पुन्हा आत गेले आणि बुटक्या खुर्चीवर त्यांनी दोन उशा रचल्या, एकीवर एक. दामिर बसला. दूरदर्शनवर मॉन्ट्रियलचा उंट त्याच्या रिकाम्या जागेतून मोकळा आत शिरला आणि त्याने गोल केला.

“कुठं पाठवतील?” आंते यांनी पडद्याकडे पाहत विचारले.

“कुठंही. ॲरिझोना असेल.”

“तिथं बर्फ पडतो?”

“रिंगणात.”

“हं.” आंते यांनी बरगडीचा तुकडा त्याच्या ताटलीत सरकवला. सामना पुढे चालू राहिला, कोणी तरी पडले, कोणी तरी उठले. मग त्यांनी डावा हात टेबलावर आणून दिव्याखाली ठेवला आणि त्या दोन ताठ बोटांकडे, ती दुसऱ्या कोणाची असावीत तसे, पाहिले.

“हे दोन अजून ठणकतात,” ते म्हणाले. “थंडीत जास्त.”

दामिरने हे वाक्य आजवर त्या घरात ऐकले नव्हते. तो टेबलाचा आधार घेऊन उठला, पाणी तापत ठेवले, रबरी पिशवी शोधून काढली आणि टॉवेलात गुंडाळून वडिलांच्या हातावर ठेवली. आंते यांनी हात काढून घेतला नाही.

त्या मोसमातील ब्याऐंशी सामन्यांपैकी दामिर मिकुलिच याचे दुखापतीमुळे हुकलेले सामने: बावन्न.